बाकावरचा आवाज

“डोळे उघडे आहेत का तुमचे? तो फाउल आमचा कसा? सांगा ना, कसा?”

योकोहामातलं एक जिम, सामन्याचं शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणाने पुढे, आणि आमच्या बाकावरून हा आवाज निघाला. आवाज असा, की छताला टांगलेले झेंडे हलले. बरं — झेंडे हलले नसतील. मला वाढवून सांगायची खोड आहे, आणि ती तुम्हाला आत्ताच माहीत असलेली बरी, कारण पुढचं सगळं त्या खोडीनेच केलंय. पण रेफरी मात्र जागच्या जागी वळला, शिट्टी फुंकली आणि दोन्ही हातांनी टी अक्षराची खूण केली. टेक्निकल फाउल, म्हणजे गैरवर्तनाचा.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — यातलं अर्धं एका माणसाला सांगितलंय, तेही अशा वेळी, जेव्हा सांगून माझं काहीच बिघडणार नव्हतं. उरलेलं अर्धं कुणालाच नाही. बायकोला नाही, आम्ही राहतो त्या ओजिमातल्या मराठी मित्रांना नाही. त्यांना तर मी याच्या बरोबर उलटं सांगितलंय, आणि टाळ्या घेतल्यात.

कुठून सुरू करू? माझ्यापासूनच करतो, मला ते आवडतं.

मी सांगलीचा. पुण्यात शिकलो, आणि आता बरीच वर्षं इथे जपानात एका खाजगी विद्यापीठात धातूंना तडे का जातात ते शिकवतो. आमच्याकडे पद्धत अशी, की विद्यार्थ्यांच्या प्रत्येक क्लबला एक प्राध्यापक प्रमुख म्हणून लागतो. त्याला ‘बुचो’ म्हणतात. बुचोला खेळ यायलाच हवा असं नाही. त्याने कागदांवर शिक्का मारायचा, सामन्याला टाय घालून बाकावर बसायचं आणि शेवटी पोरांना चार शब्द सांगायचे. बास्केटबॉलचे जुने बुचो निवृत्त झाले, आणि जागा माझ्याकडे आली. का आली? कारण विभागाच्या एका पार्टीत, दोन बिअर पोटात गेल्यावर, मी सांगितलं होतं की तरुणपणी मी महाराष्ट्राकडून खेळलोय.

माझी उंची पाच फूट पाच इंच. हे ऐकून पुण्यात कुणीही चहा नाकातून काढला असता. इथे सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने विचारलं, इतक्या उंचीवर कसं जमायचं हो? मी म्हटलं, उंची कशाला, उडी लागते. आणि मग त्या उडीचं असं वर्णन केलं, की मी अजून खाली यायचाच होतो.

खरं काय होतं? कॉलेजच्या संघाला नावं कमी पडत होती म्हणून माझं घातलं. दोन हंगामांत मिळून मी मैदानावर होतो तो एका गड्याने बुटाची नाडी बांधून होईपर्यंत.

आता मिनामोरी-सान — ‘सान’ म्हणजे आपलं ‘साहेब’. आमचे कोच. पन्नाशीचे, बारीक केस, हातात नेहमी गार झालेल्या कॉफीचा डबा. आधी व्यावसायिक संघाबरोबर काम केलेलं. आमच्या विद्यापीठाला वरच्या गटात जायचं होतं, म्हणून तीन वर्षांच्या करारावर त्यांना पगार देऊन आणलं. इथे कॉलेजच्या क्लबचा कोच म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी माजी खेळाडू, शनिवार-रविवारी फुकट येणारा. त्यामुळे या पगाराची चर्चा फार झाली. निम्मा विद्यापीठ द्यायचं, निम्मा माजी खेळाडूंचा संघ वर्गणीतून. माझ्यापेक्षा जास्त मिळतो असं कुणीतरी मला कॅन्टीनमध्ये सांगितलं. खरं की खोटं, मी कधी तपासलं नाही. राग यायला तेवढं पुरलं.

आणि एक होतं. पहिल्याच महिन्यात मी सरावाला गेलो, हात मागे बांधून, जाणकारासारखा. मिनामोरी-साननी माझ्याकडे चेंडू टाकला आणि म्हणाले, सेन्सेई — इथे सरांना असंच म्हणतात — एक टाका ना, पोरांना बघायचंय. पोरं ओळीत उभी राहिली. मी चेंडू हातात धरला, आणि खांद्याच्या जुन्या दुखापतीची गोष्ट सांगितली. नागपूरचा सामना, पडलो, हाड कटकन वाजलं, डॉक्टर रडला. पोरांनी डोळे मोठे केले. मिनामोरी-साननी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातांकडे पाहिलं — मी चेंडू कसा धरलाय तिकडे. मग चेंडू परत घेतला. दुसऱ्या दिवसापासून सरावाला गेलं की कोपऱ्यात माझ्यासाठी एक घडीची खुर्ची मांडलेली असायची.

तीन वर्षं. रोज ती खुर्ची. एका शब्दाने त्यांनी मला उघडं पाडलं नाही, आणि मला ते इतकं झोंबलं, की त्यांनी चारचौघांत हसून घेतलं असतं तर बरं झालं असतं. तुम्हाला असं कधी झालंय का? कुणीतरी तुमची अब्रू राखली, आणि त्याच गोष्टीचा तुम्ही डूख धरला?

मिनामोरी-सान सरावात ओरडायचे नाहीत. हे नीट ऐकून ठेवा. त्यांच्या आधीचे कोच पोरांना चुकलं की पळवायचे, ओकारी होईपर्यंत. मिनामोरी-साननी ते बंद केलं. पोरगा चुकला की त्याला बाजूला घ्यायचे आणि इतक्या हळू बोलायचे की बाकीच्यांना आपापला चेंडू थांबवावा लागायचा. त्यांचा आवाज चढलेला मी एकदाही ऐकला नाही.

तर तो सामना. जिंकलो तर वरच्या गटात, हरलो तर आहे तिथेच. तिसरं वर्ष, शेवटची संधी. मिनामोरी-साननी आधीच सांगून टाकलं होतं की करार संपला की ते निईगाताला जाणार. बायको आणि मुलगी तिकडेच होत्या. हे तीन वर्षं इथे एका खोलीत एकटे राहिले. तिथल्या एका कॉलेजशी बोलणं जवळजवळ पक्कं होतं.

शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणाने पुढे, चेंडू आमच्याकडे. आमचा कॅप्टन आत घुसला, समोरचा पोरगा आडवा झाला, शिट्टी वाजली. फाउल आमच्यावर. चेंडू त्यांचा. मिनामोरी-सान उभे होते, कोच उभाच असतो. त्यांनी दोन्ही हात पसरून, खाली दाबत पोरांना खूण केली — शांत, मागे या. आणि त्यांच्या शेजारी कुणीतरी टाय सैल करून उठलं आणि ओरडलं.

मी.

मला बास्केटबॉलमधलं एवढंही कळत नव्हतं की रेफरीचं बरोबर होतं. पण महाराष्ट्राकडून खेळलेला माणूस अशा वेळी गप्प बसतो का? तीन वर्षं टाय घालून बसलो होतो. मला वाटलं, आता तरी काहीतरी करायला हवं.

इथे एक नियम तुम्हाला सांगायला हवा. बाकावरच्या कुणीही तोंड सोडलं — राखीव खेळाडूने, मदतनिसाने, टायवाल्या प्राध्यापकाने — तर तो फाउल त्याच्या नावावर लागत नाही. कोचच्या नावावर लागतो. वर गॅलरीत दोन्ही कॉलेजांची पोरं प्लास्टिकच्या काठ्या आपटत होती, माझे शब्द तिथवर पोचलेच नाहीत. विद्यापीठाची माणसं वर बसली होती. त्यांना दिसलं ते एवढंच: रेफरी आमच्या बाकाकडे वळला, बाकाजवळ कोच हात पसरून उभा आहे, आणि फाउल कोचच्या नावावर लागला. मी तोवर खाली बसलो होतो.

त्या फाउलवर त्यांना एक फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता टाकायचा एका गुणाचा चेंडू, मिळाला. गेला आत. बरोबरी. मग चेंडू त्यांच्याकडेच होता, शेवटचा शॉट त्यांनी मारला, आणि — चुकवला. कडीला लागून बाहेर आला. कळलं ना? मी जागेवर बसून राहिलो असतो, तर आम्ही तिथेच जिंकलो होतो. जादा वेळेत हरलो.

सामना झाला की आमच्याकडे सगळे गोल करून बसतात आणि प्रत्येकाने आपली चूक सांगायची असते. जिंकलं तरी सांगायची. पहिल्या वर्षाचा पोरगा म्हणाला, मी बाकावरून पुरेसा धीर दिला नाही. कॅप्टन म्हणाला, मी आत घुसायला नको होतं. तो रडत होता, आणि त्याने फक्त एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मिनामोरी-सान म्हणाले, “बाकाला मला आवर घालता आला नाही. ही चूक माझी.” एवढंच. तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की हे काय आहे. इथे वरचा माणूस असंच बोलतो. तो आपल्या अंगावर घेतो, आणि बाकीच्यांनी समजून घ्यायचं असतं की खरं काय झालं.

मग शेवटी बुचो. माझी पाळी. पोरं माझ्याकडे बघत होती, कुणाच्याही डोळ्यांत राग नव्हता, ती नुसती वाट बघत होती. एक वाक्य होतं फक्त. आणि मी काय केलं? नागपूरच्या सामन्याची गोष्ट सांगितली. हरलेल्या संघाने रात्रभर नाचून कसं गाव जागं ठेवलं ते. पोरांनी वाकून आभार मानले.

त्या आठवड्यात आमच्या जवळच्या फुनाबोरीला एका मित्राकडे जेवायला जमलो होतो. पुण्याचे, मुंबईचे आयटीवाले, त्यांच्या बायका, मधे पावभाजीचं पातेलं. सामन्याचं काय झालं म्हणून कुणीतरी विचारलं. मी उठलो आणि उभं राहून सांगितलं. ओरडणं आहे तसं सांगितलं, फक्त तोंड कोचचं लावलं. सगळे हसले. पुढच्या वेळी ओजिमात, आमच्याच घरी, त्यात पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट आला, कोचने लाथ मारून उडवलेला. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बाटल्या फुटल्या, आणि एक गोलमटोल बाटली गडगडत रेफरीच्या पायाशी गेली. लोक डोळे पुसत होते. बायको भांडी आवरत होती, ती म्हणाली, “मागच्या वेळी क्रेट नव्हता.” मी म्हटलं, मागच्या वेळी विसरलो होतो.

आणि गंमत बघा — गंमत कसली — त्या रात्री झोपताना मला तो क्रेट दिसला. निळा, कडेला चिरलेला. मिनामोरी-सान लाथ मारताहेत. इतका स्पष्ट, की खरं जे घडलं तेच धूसर झालं. खोटं बोलणाऱ्याची ही सोय असते, ती कुणी सांगत नाही. त्याचं तोंड आधी बोलतं आणि डोळे मागून साक्ष द्यायला येतात. पण हे मी सुटका म्हणून सांगत नाहीये. क्रेट मी केला होता, हे मला शेवटपर्यंत माहीत होतं.

मग ती बैठक. जाणाऱ्या माणसाची किंमत ठरवायची बैठक. विद्यार्थी विभागाचे प्रमुख, हिशेब खात्यातल्या एक बाई, माजी खेळाडूंच्या संघाचे अध्यक्ष ओनुमा-सान, आणि मी. ओनुमा-सान सत्तरीचे, नळाच्या सामानाचा धंदा, वर्गणीसाठी ज्यांनी घरोघरी फोन केले ते हे. प्रश्न दोन होते. असा पगारी कोच पुन्हा आणायचा का? आणि निईगाताच्या कॉलेजने आमचं मत विचारलं होतं, त्यांना काय कळवायचं? इथे ‘पैसे वसूल झाले का’ असं कुणी विचारत नाही. विभागप्रमुखांनी कागद सरळ केले आणि म्हणाले, खर्चाच्या मानाने परिणामाकडे कसं पाहावं, याबद्दल आपली मतं ऐकायला मिळाली तर बरं.

आमच्याकडे पहिलं मत कुणीच देत नाही. मग ओनुमा-साननी माझ्याकडे तोंड केलं. म्हणाले, आम्ही काय, वरून बघणारे. सेन्सेई बाकावर होते, आणि स्वतः मोठे खेळाडू. त्यांनीच सांगावं. त्या टेक्निकलचं जरा मनाला लागलंय. तो माणूस तसा आहे का?

ही दुसरी संधी होती. पहिली गोल बसलो होतो तेव्हाची. इथे तर मला विचारलंच होतं. तो मी होतो — जपानीत हे वाक्य मराठीपेक्षाही लहान होतं. मी तोंड उघडलं. आणि मला दिसलं काय? ती घडीची खुर्ची. बोललो असतो तर पुढचा प्रश्न आलाच असता, इतका जाणकार माणूस असा कसा ओरडला, आणि मग नागपूर, खांदा, उडी, सगळं एकामागून एक कोसळलं असतं.

मी म्हणालो, “मिनामोरी-सान स्वतःच सामन्यानंतर म्हणाले, की बाकाला आवर घालता आला नाही, चूक माझी.”

यातला शब्द न् शब्द खरा आहे. इतकं खरं मी आयुष्यात क्वचित बोललोय. गोल बसून बोललेलं वाक्य मी त्या गोलातून उचललं आणि कबुली म्हणून टेबलावर ठेवलं. पोरगा धीर दिला नाही म्हणाला, म्हणून कुणी त्याला संघातून काढतं का? मला माहीत होतं. परदेशी माणूस, रीत कळली नसेल, असं तुम्ही म्हणाल. इथे सगळे तसंच म्हणतील, अजूनही. कळली होती. म्हणूनच वापरता आली.

तिथे थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण ओनुमा-सान पुढे झुकले, मला वाटतं त्यांना ऐकावंसंच वाटत होतं, आणि मला समोर झुकलेला माणूस दिसला की राहवत नाही. मी आवाज खाली आणला, जड मनाने सांगतोय असा, आणि क्रेट सांगितला. या वेळी सरावातला, कारण सामना सगळ्यांनी पाहिला होता. एकदा नाही, दोनदा. हिशेबाच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला.

विभागप्रमुख म्हणाले, असं होय. बस. पगारी कोच पुन्हा नको, असं ठरलं. निईगाताला काय कळवलं मला दाखवलं नाही. मात्र काही दिवसांनी कॅप्टन माझ्याकडे एक शिक्का घ्यायला आला आणि जाता जाता म्हणाला की कोचचं निईगाताचं काम होत नाहीये. मी म्हटलं, अरेरे. पोरांनी कधीच कुणाला काही सांगितलं नाही — माझ्या भीतीने, की मिनामोरी-साननी सांगून ठेवलं होतं म्हणून, ते मी विचारलं नाही. मग तो वाकला आणि गेला.

पैसे वसूल झाले होते का? मला आज कुणी विचारलं, तर सांगेन. तीन वर्षांत एकाही पोराने क्लब सोडला नाही. आधी दर वसंतात निम्मी पोरं पळायची. ती ओकेपर्यंत पळणं संपलं, आणि आजही संपलेलंच आहे, आता फुकटचा कोच आहे तरी, कारण वरच्या वर्गातली पोरं ते परत येऊ देत नाहीत. आणि मी गप्प बसलो असतो, तर संघ वरच्या गटात गेलाच होता. एका गुणाने. तो गुण मी दिला. पण मला आज कुणी विचारत नाही, आणि विचारलं होतं तेव्हा मी क्रेटबद्दल बोलत होतो.

मार्चच्या शेवटी ते गेले. ओकायामाच्या एका शाळेत करारावर काम मिळालं होतं. बायको-मुलगी उत्तरेला, आणि हे पश्चिमेला. निरोपाच्या जेवणात सगळ्यांनी एका जाड पुठ्ठ्यावर चार-चार शब्द लिहून दिले. सगळ्यात मोठा मजकूर माझा होता.

शिन-योकोहामा स्टेशनवर सोडायला मी एकटाच गेलो. का गेलो? चांगलं दिसावं म्हणून, असंच आज वाटतं. बायकोने शंकरपाळ्यांचा डबा दिला होता, तो त्यांना दिला. त्यांनी एक उचलून तिथेच खाल्ली, चांगली आहे म्हणाले. फलाटावर वारा होता. मी बोलायला लागलो. क्रेट जिभेवर होता, बैठक जिभेवर होती, निईगाता जिभेवर होतं. ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायलाच हवं होतं. ते मी गिळलं. जे सांगून मला काही लागणार नव्हतं तेवढंच सांगितलं. म्हटलं, मिनामोरी-सान, त्या दिवशी सामन्यात ओरडलं ते मी होतो.

त्यांनी बॅग उचलली.

“हो,” ते म्हणाले. “मी शेजारीच उभा होतो.”